ओलं गोणपाट

वळवानं विजेचे खांब लोळवल्याला दोन दिवस झाले होते. सीमाभागातल्या बंदमुळं कोल्हापूरहून येणाऱ्या गाड्या सीमेवरच थांबल्या आणि पोरीचं नवं इन्सुलिन आणायला गेलेला रचनाचा नवरा तिकडंच अडकला. वापरातली बाटली सकाळीच संपली. जेवणाआधी रचनानं फ्रिज उघडला, तर राखून ठेवलेली शेवटची बाटली गायब! "आत्ती, बाटली कुठाय? टाकली न्हाय न्हवं?" विड्या वळणारे सासूबाईंचे हात थांबले. "टाकतीय कशाला? लाईट गेल्या गेल्या काढली. आता तुझा फ्रिज म्हंजे नुसतं कपाट." "ह्या उकाड्यात ठेवली कुठं?" रचनाचा आवाज चिरकला. सासूबाईंनी कोपऱ्यातलं ओलं गोणपाट उलगडलं. विडीची पानं वाळू नयेत म्हणून त्या ते सतत भिजवत. वासापायी रचना फेकायला टपलेली. पानांत मडकं, मडक्यात बाटली, गारेगार. इंजेक्शन घेऊन पोरगी जेवायला बसली. नळ आला नव्हता, तरी रचनानं प्यायच्या घागरीतलं तांब्याभर पाणी गोणपाटावर शिंपडलं.