टर्कीची दाढी

अमेरिकेत चौदा वर्षं काढल्यावर जयवंत गुप्त्याने एकदाचा रानटर्की मारला. आधी बायकोकडून फोटो काढून घेतले, मग ओढ्याकाठी बसून सुरी काढली.

“अरे, नियम वाच,” मृणालने परवान्याची पुस्तिका पुढे केली. “फक्त नर मारायची परवानगी आहे. तो ओळखू यावा म्हणून छातीवरची दाढी, हा केसांसारखा झुपका, घरी जाईपर्यंत तशीच ठेवायची.”

“गुप्त्यांना कोंबडी कापायला शिकवतेस? पिसांसकट गाडीत घालायची? शी!”

त्याने पक्षी सोलला, दाढी झुडपात भिरकावली आणि तुकड्यांना हळद, मीठ, आलं-लसूण चोळून ते स्टीलच्या डब्यात भरले. पायाला बांधायचा परवान्याचा टॅग डब्याच्या कडीला लटकवला.

वाटेत तपासणीला उभ्या असलेल्या वनरक्षकबाईंनी गाडी थांबवून डबा उघडला.

“नर की मादी?”

“नर!”

“कशावरून?”

पिवळ्याजर्द तुकड्यांवरून काहीच सांगता येईना. जयवंताने घाईघाईने मोबाइल पुढे केला. अकरा फोटो होते. अकराही फोटोंत नवी टोपी, बंदूक आणि मधोमध जयवंत. टर्कीची तेवढी नखं खालच्या कोपऱ्यात आली होती.

बाईंनी डबा जप्त केला, परवानाही काढून घेतला.

“अगं, तू तरी सांग ना त्यांना!” जयवंत रडकुंडीला आला.

मृणालने फोटो नीट न्याहाळला. “काय सांगू? छाती फुगवलेला नर यात एकच दिसतोय, आणि त्याला टॅग बांधायचा राहिलाय.”