दुखरी जागा

सामना संपवून ऋजुता घरी आली आणि माझ्या शेजारची जागा सोडून घरमालकीण यानीनाबाईंसमोर पाय लांब करून बसली. त्यांनी काही न विचारता बर्फाची पिशवी आणून तिच्या उजव्या गुडघ्यावर धरली.

थायलंड, पोर्तुगाल आणि आता पोलंड, अशी सात वर्षं माझी मुलगी देशोदेशी बास्केटबॉल खेळत होती. दर रविवारी फोनवर "मी मजेत आहे" म्हणायची. साताऱ्याहून मी पहिल्यांदाच तिच्याकडे आले होते.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"गेल्या हिवाळ्यापासून. तुला कळलं असतं तर खेळ सोडायला लावलं असतंस, आई."

"आणि यांना सांगितलंस?"

"सांगावं नाही लागलं. जिन्यावरची माझी पावलं ऐकूनच त्यांनी ओळखलं."

त्या बाईचा मला इतका हेवा वाटला, की मी पिशवी तिच्या हातून जवळजवळ हिसकावूनच घेतली आणि गुडघ्यावर दाबली. ऋजुताने ओठ आवळले.

यानीनाबाईंनी माझा हात हलकेच धरला आणि तसूभर आत सरकवला. ऋजुताने डोळे मिटले. दुखत होतं ते तिथे.