पहिलं पान

रिपोर्ट दोन पानांचा होता. डॉक्टरांनी पहिलं पान भावाच्या पुढ्यात सरकवलं आणि टोपण न काढलेल्या पेनानं एका ओळीवर टिचकी मारली.

"विषाणू किडनीबरोबर आलाय. म्हणजे दात्याकडून."

दाता तिथेच बसली होती. भावापेक्षा सहा वर्षांनी मोठी बहीण, कुशीत वीतभर व्रण, मांडीवर पाण्याची बाटली. केबिनमध्ये खुर्च्या दोनच, म्हणून तिला वजनकाट्याशेजारचं स्टूल मिळालं होतं. भावजयीनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. आठ महिन्यांपूर्वी याच भावजयीनं तिला पाहुण्यांसमोर देवमाणूस म्हटलं होतं. तीनदा.

"घाबरू नका. हा निम्म्याहून जास्त लोकांच्या अंगात झोपून असतो, माझ्याही असेल. ऑपरेशनच्या आधीच माहीत होतं आपल्याला. म्हणून तर गोळ्या दिल्या."

"आम्हाला कुठे माहीत होतं?" भावजय म्हणाली.

"तुमची सही आहे."

"सह्या काय, पन्नास घेतल्यात तुम्ही."

डॉक्टरांनी दुसरं पान काढलं. विषाणूच्या जनुकात एका जागी बदल झाला होता. आता त्या गोळ्यांना तो जुमानत नव्हता.

"पुरतं औषध मिळालं की हा दबतो. अर्धवट औषधात जो तगतो, तो निगरगट्ट निघतो. गोळी चुकायची का कधी?"

भाऊ टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या किडनीकडे बघत राहिला.

"एक दिवस चुकली नाही," भावजय ताठ बसून म्हणाली. "मी स्वतः द्यायचे. सकाळी नऊच्या ठोक्याला. फक्त दोनाच्या जागी एक. यांना मळमळायचं हो, तोंडाची चव गेलेली. आणि तब्येत तर कशी ठणठणीत होती!"

"किती दिवस?"

"तीन महिने. चार म्हणा."

डॉक्टरांनी चार लिहिलं. मग दुसऱ्या औषधाचं सांगितलं. सलाइनमधून द्यायचं, या विषाणूला भारी पडतं.

"आणि किडनीला?" बहिणीनं पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"किडनीलाही."

"टिकेल?"

"बघू या," डॉक्टर म्हणाले. याचा अर्थ हॉस्पिटलातल्या लिफ्टमनलाही कळतो. नातेवाईक मात्र मान डोलावून उठतात.

बाहेर बाकावर भावजयीनं रिपोर्ट मांडीवर पसरला आणि पहिल्या पानाचा फोटो काढला. सावली पडली म्हणून पुन्हा काढला.

"घरचे सकाळपासून विचारतायत," ती म्हणाली. दुसऱ्या पानाची तिनं चौघडी केली आणि पर्समध्ये टाकली.

"ते नाही पाठवत?" भावानं विचारलं.

"त्यातलं कुणाला काय कळणार आहे?"

पहिल्या पानातली तरी तिला एकच ओळ कळली होती, डॉक्टरांनी टिचकी मारलेली.

बहिणीच्या हातातला फोन वाजला. घरच्यांच्या ग्रुपवर तीही होती. ग्रुपचा फोटो अजून ऑपरेशनच्या दिवशीचाच होता. हिरव्या गाऊनमध्ये ती आणि भाऊ, दोघांचे अंगठे वर. त्याखाली पहिलं पान येऊन पडलं. फोन पुन्हा वाजला. आत्यानं विचारलं होतं, हिला आधीपासून माहीत होतं का?

भावानंही ते वाचलं. काहीतरी टाइप केलं, पुसलं, फोन खिशात ठेवला. मग त्याला ठसका लागला.

"ताई, पाणी दे ग जरा."

तिनं बाटली पुढे केली. ती मध्येच भावजयीनं घेतली. रुमाल काढून बाटलीचं तोंड पुसलं. रुमाल उलटा करून पुन्हा एकदा पुसलं. मग नवऱ्याच्या हातात दिली.