हरणीचं दुसरं शिंगरू

जनावरांचे डॉक्टर सदर भागातल्या दवाखान्यातून रक्ताचा रिपोर्ट घेऊन परत आले तोवर शिंगराने मान टाकली होती. तरी त्यांनी वाकून त्याची पापणी वर केली. डोळा हळदीच्या पाण्यातून काढल्यासारखा पिवळा होता.

प्रेमलता स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होती. तबेल्याची पायरी चढायला तिला अकरा महिने मनाई होती. गेल्या खेपेला हरणी घोडीचं पहिलं शिंगरू असंच पिवळं पडून गेलं, तेव्हा तिच्या सासूने, तुळसाबाईंनी, निकाल देऊन टाकला होता. सुनेची दोन लेकरं तिसरा दिवस न पाहता गेलेली. तिचीच सावली पडली. त्यामुळे यंदा घोडी गाभण राहिल्यापासून प्रेमलताने तिच्या दाण्याच्या टोपलीलाही हात लावायचा नाही, असं ठरलं. महाल भागातल्या त्या गल्लीत इतक्या कडकपणे कुणी सोवळंही पाळत नसेल.

एवढं करूनही शिंगरू गेलंच. पण हार मानतील त्या तुळसाबाई कसल्या!

"काल घोडीची बादली कोनं भरली वं?"

"मामाजीनं."

"मंग दारातून पाहलं असशील तू!"

प्रेमलताचा नवरा मुकुंद खरारा हातात धरून उभा होता. तो नेहमीसारखा जमिनीकडे पाहत राहिला. त्याचा राग करणंही तिने आता सोडून दिलं होतं.

"कुणाची सावली नाही, बाई," डॉक्टर म्हणाले. "काल घोडीचं आणि शिंगराचं रक्त नेलं होतं ना? दोघांतही तेच बारीक जंतू निघाले. गोचीड चावते आणि ते घोडीच्या रक्तात शिरतात. घोडी खाते, पिते, धावते. वरून काही कळत नाही. पण पोटातल्या पिल्लाला ते आईकडूनच जातात."

सासरे रुपराव, तिचे मामाजी, जन्मभर टांगा हाकत आलेले. ते हबकलेच. "म्हंजे घोडीतच खोट हाय म्हना?"

"खोट कसली? आजार आहे. आईचा काय दोष त्यात? इंजेक्शनं देऊ. महिनाभर टांग्याला जुंपू नका. आणि पुन्हा गाभण ठेवायच्या आधी रक्त तपासून घ्या."

तुळसाबाईंचा चेहरा बघता बघता बदलला. डोळ्यांना पदर लावून त्यांनी हरणीच्या कपाळावरून हात फिरवला.

"दोन-दोन लेकरं गेली वं माय तुही. मुक्या जिवानं सांगाव तरी कोनाले?" मग मागे वळून म्हणाल्या, "प्रेमलता, गूळ आन वं. आता ये, काही होत नाही."

अकरा महिन्यांनी प्रेमलता ती पायरी चढली. गुळाचा खडा सासूच्या हातात देताना तिचं लक्ष शिंगराच्या अर्धवट उघड्या डोळ्यांकडे गेलं. तिच्या दुसऱ्या लेकराचे डोळे असेच पिवळे होते. तेव्हा सासूने देवाला नारळ ठेवला होता आणि तिला माहेरी धाडलं होतं. डॉक्टरचं नाव कुणीच काढलं नव्हतं. हरणी मजेत गूळ चघळत होती, आणि प्रेमलताला त्या घोडीचा भयंकर हेवा वाटला.

डॉक्टर पेटी बंद करून निघाले. प्रेमलता सगळ्यांदेखत त्यांच्या वाटेत जाऊन उभी राहिली.

"डॉक्टरसाहेब," ती म्हणाली, "तुम्ही बायाइलेबी तपासता का?"