गोधडीचा शेवटचा कोपरा

"चांगली वस्तू टाकवत नाही हो मला," म्हणत गिऱ्हाईक म्हणून आलेल्या एका बाईंनी सासूच्या मऊसूत लुगड्यांचं गाठोडं मृण्मयीच्या टेबलावर ठेवलं. जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवणाऱ्या तिच्या दुकानात चिंधीसुद्धा वाया जात नसे.

"कधी गेल्या सासूबाई?" कडेवरच्या लेकीला सावरत मृण्मयीने हळूच विचारलं.

"गेल्यात कुठे! गाडीत बसल्यात. आज वृद्धाश्रमात सोडतोय, तिथे गाऊनच घालतात. गोधडी आमच्या ब्रूनोच्या टोपलीत मावेल एवढीच शिवा. लाडावलंय कुत्रं, फरशीवर झोपतच नाही." बाईंचा फोन वाजला.

दारातल्या गाडीची काच खाली झाली. आजींनी खूण करून मृण्मयीला बोलावलं आणि लेकीचा गाल कुरवाळला. "सून म्हणाली, माझ्यासाठी गोधडी शिवायला टाकतेय. आश्रमात गारठा असतो ना. पाय झाकतील एवढी लांब कर हं, बाळा. आणि शेवटच्या कोपऱ्यात पोळीचा तुकडा घालून शिव. मग पांघरणारा उपाशी राहत नाही."

"हो, आजी," मृण्मयी कशीबशी म्हणाली.

"पोळीबिळी नको हं!" फोन संपवून आलेल्या बाई हसल्या. "ब्रूनो गोधडी फाडून खाईल."

लेकीच्या गालावरचा हात आजींनी हळूच आत घेतला.