पालथा कागद

"हात दाखव," फौजदार म्हणाला.

तिने दोन्ही हात पुढे केले. राखेने घासून घासून कातडी सोलवटली होती, पण नखांच्या कडेची काळी रेघ हटायला तयार नव्हती.

"भांडी घासणाऱ्या बाईचे हात आणखी कसे असायचे?" सासू कडाडली. "तुमच्या घरी भांडी कोण घासतं? तुम्ही?"

दारातला शिपाई मान खाली घालून हसला. फौजदार हसला नाही.

घराच्या पुढच्या खोलीत छापखाना होता. सरकारविरुद्धचं पत्रक तिथेच छापलं, या संशयावरून तिच्या नवऱ्याला आणि दोन्ही कामगारांना उचलून नेलं होतं. पाचव्या दिवशी सकाळी दुसरं पत्रक बाजारातल्या भिंतींवर झळकलं. तोच ठसा, तीच धार. कोठडीतली माणसं काही तिथून छापत नव्हती. म्हणजे एक तर पकडलेली माणसं निर्दोष होती आणि त्यांना सोडणं भाग होतं, नाहीतर हे काम घरातल्याच कुणाचं होतं. घरात उरले होते तिघे. सासूचे हात सदा कापत. दीर सरकारी कचेरीत कारकून. छापखान्यात कपडे मळतात म्हणून तो तिथे पाऊलही टाकत नसे. राहिली ती.

"मजकूर लिहिणारा गडी चांगला मुरलेला आहे," फौजदार पत्रक नाचवत म्हणाला. "त्याला मी हुडकीनच. आधी अक्षरं जुळवून छापणारा सापडू दे."

तो मुरलेला गडी त्याच्यासमोरच उभा होता.

शाळेची पायरी ती कधी चढली नव्हती. तीन वर्षांपूर्वी नवऱ्याची नजर अधू झाली, तेव्हा त्याने दार लावून तिला शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, ओळखायला शिकवलं. तो मजकूर वाचून दाखवायचा, ती एकेक खिळा उचलून ओळ जुळवायची. सासूला वाटे, सून आत झाडलोट करते आहे. पहिलं पत्रक असंच झालं. दुसऱ्याच्या वेळी वाचून दाखवायला तो नव्हता. मग तिने मजकूर मनातच रचला आणि तसाच थेट खिळ्यांत जुळवला. रात्री सगळे झोपल्यावर यंत्राचा दांडा एकटीने ओढताना खांदा निखळायची वेळ आली. नवऱ्याला सोडवायचं तर तो आत असताना पत्रक बाहेर पडायला हवं, एवढं तिला कळत होतं.

"आमच्या घरातल्या बायकांना अक्षर ओळखता येत नाही," सासू ताठ मानेने म्हणाली. "धाकट्याचं अक्षर मात्र मोत्यासारखं आहे हो. पण वहिनीला त्याने एक अक्षर शिकवलं असेल तर शपथ."

"शिकून काय दिवे लावायचेत?" दीर म्हणाला.

फौजदाराने खिशातून एक घडी घातलेला पातळ कागद काढला. दिराचा चेहरा पांढराफटक पडला. वहिनीच्या काळजीने पोरगा एवढा घाबरला, हे पाहून सासूला भरून आलं.

"वाच," फौजदाराने कागद तिच्या हाती दिला. तो कागदाकडे नाही, तिच्या डोळ्यांकडे पाहत होता.

तिने कागद पाहिला. ओळी अनोळखी वाटल्या. ती गोंधळली आणि काही सुचायच्या आतच तिच्या हातांनी कागद उलटा केला. वरची कड खाली, खालची वर, कोरी पाठ तिच्याकडे. तसाच तिने तो खिडकीच्या उजेडात धरला आणि डोळे बारीक केले.

शिपाई खिंकाळला. सासूही तोंडाला हात लावून हसली. सर्वांत मोठ्याने हसला दीर. हसता हसता त्याने कपाळावरचा घाम पुसला.

"कोरा कागद वाचतेय बया!" शिपाई म्हणाला.

ती मात्र कागद धरून उभीच होती. पापणी हलली नाही. फौजदार वाट पाहून कंटाळला. त्याने कागद हिसकावला.

"संध्याकाळपर्यंत घरी येतील सगळे," तो तुसडेपणाने म्हणाला आणि निघून गेला.

नवरा दिवेलागणीला आला. दाढी वाढलेली, गाल बसलेले. सासू रडायला लागली. दीर हात पसरून भावाकडे धावला.

ती मध्ये आडवी उभी राहिली.

"थांबा, भावोजी. छापखान्यात अक्षरं उलटी असतात आणि ओळी डोक्यावर उभ्या. मला तसंच वाचता येतं. सरळ कागद मला वाचता येत नाही. पालथा करून उजेडात धरला, की येतो."

दिराचे पसरलेले हात खाली आले.

"काय बडबडतेस तू?" सासूने विचारलं.

"हवं तर हेही सांगून या फौजदारांना," ती दिराला म्हणाली. "वहिनीने कोरा कागद वाचला म्हणावं. बघा कोण ऐकतं ते."

"वहिनी, मी... ते नाइलाजाने..."

"फौजदाराच्या त्या कागदावरचं तुमचं अक्षर खरंच मोत्यासारखं आहे. भावानेच पत्रक छापलं, छापखाना माझ्या हवाली करा, सगळं वाचता आलं मला. सहीच्या वर 'आरोपीचा सख्खा भाऊ' असं लिहिलंयत. पुढच्या अर्जात त्यातला 'सख्खा' तेवढा गाळा."