मोकळा गळा
धनुर्वाताने आईचा, माझ्या याडीचा, जबडा मिटला. डॉक्टरांनी गळ्याला छेद देऊन रबरी नळी घातली. श्वासाचे यंत्र दवाखान्यात नव्हते, म्हणून नळीला जोडलेली पिशवी आम्ही आळीपाळीने दाबत होतो. दुपारी माझ्या हातात ती दबेना. छाती उठेना. सिस्टरने नळीतला कफ ओढून पाहिला, नव्हताच. मग ओढणी बाजूला केली. नळी चांदीच्या हासळीखाली, गळ्यातल्या जाड कड्याखाली, चेपली होती. "ही कोणी घातली?" "मी," बिजलीआत्या म्हणाली. "नवरा जित्ता हाय तिचा. गळा मोकळा कायले ठेवू?" सिस्टर "काढा" म्हणाली, आत्या हलली नाही. बापू, माझे वडील, दारातून आले. "मले मेला समज, बिजली," म्हणत त्यांनी हासळी उतरवली. पिशवी सैल झाली. मी दाबत राहिले. नाडी धरलेली सिस्टर म्हणाली, "बाई, थांबा आता." पिशवी हलकी चालत होती, मला वाटले होते, याडी सुधारते आहे.